तळागडाची एक ओळ

गेल्या दिवाळीतली गोष्ट. आमच्या डोंबिवलीच्या इमारतीमागे जी दोन हात मोकळी जागा उरली आहे, तिथे मुलांनी दरसालाप्रमाणे किल्ला केला होता. विटांचे तुकडे, पोत्यांची किंतानं, वर चिखलाचा लेप आणि त्यावर उगवलेले हिरवेगार अळीव. सिंहासनावर महाराज, बुरुजाबुरुजावर मावळे, खाली गुहेत वाघ. (मावळ्यापेक्षा वाघ मोठा असणे हा या किल्ल्यांचा जुना शिरस्ता आहे.) आमचे चिरंजीव यंदा सातवीत आहेत, तेव्हा सहावीत होते. ते या गडाचे किल्लेदार. मी कॉलेजात मराठी शिकवतो, त्यामुळे दिवाळीच्या चार दिवसांत ‘ऐतिहासिक माहिती पुरवणे’ हे काम माझ्याकडे आपोआप येते.

मी रायगडाविषयी बरेच काही सांगितले. कडे किती उभे, दरवाजा कसा लपलेला, पाण्याची टाकी किती. चिरंजिवांनी सगळे ऐकून घेतले आणि विचारले, “बाबा, एवढा अवघड होता, तर मग इंग्रजांनी घेतला कसा?”

मी शिक्षकाच्या ठरलेल्या आवाजात म्हणालो, “फितुरी झाली.”

“सगळ्याच किल्ल्यांवर?”

फराळाचे ताट आले म्हणून मी त्या वेळी सुटलो. पण प्रश्न काही सुटला नाही. वीस वर्षे वर्गात उभा राहून मी बखरी शिकवल्या, पोवाडे शिकवले. गड कसे घेतले हे रंगवून सांगितले. ते गेले कसे, हे मी एकदाही नीट सांगितले नव्हते. खरे म्हणजे मलाच ते माहीत करून घ्यायचे नव्हते.

गॅझेटियरमधली नोंद

आमची सासुरवाडी तळ्याची. रायगड जिल्ह्यातले हे तळे. मुंबई-गोवा रस्त्यावर इंदापूरला वळायचे (पुणे जिल्ह्यातले इंदापूर नव्हे, कोकणातले), आणि डोंगरातल्या वळणांनी आत जायचे. गावाच्या डोक्यावरच तळागड उभा आहे. लग्न झाल्यापासून मी तो सासऱ्यांच्या ओटीवरून पाहत आलो. जावयाला बसायला पाट आणि पाहायला गड, असा तिथला सरंजाम. पण त्याचा इतिहास काढून पाहावा असे कधी मनात आले नव्हते.

चिरंजिवांच्या प्रश्नानंतर मी कॉलेजच्या ग्रंथालयात बसून १८८३ सालचे कुलाबा जिल्ह्याचे गॅझेटियर उघडले. तळ्याच्या गडाचा शेवट तिथे जेमतेम एका ओळीत आटोपला आहे: १८१८ साली कर्नल प्रॉथरने तो घेतला. झाले. किती दिवस वेढा पडला, किल्लेदार कोण, कोण मेले, कोण उतरून गेले, काही नाही. जो गड दीडशे वर्षांहून अधिक काळ मराठे आणि जंजिऱ्याचा सिद्दी यांच्यातल्या झगड्याचा साक्षी होता, त्याच्या अखेरीला एवढीच शाई खर्च झाली.

या एका ओळीमागे मात्र पुरी मोहीम उभी आहे. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीला इंग्रज-मराठ्यांच्या तिसऱ्या युद्धाला तोंड लागले. बारा दिवसांत शनिवारवाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. दुसरा बाजीराव फौजेसह पुढे आणि इंग्रज मागे, असा पाठलाग सुरू झाला. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावची लढाई झाली. १० फेब्रुवारीला सातारा पडला. २० फेब्रुवारीला सोलापूरकडच्या अष्टीच्या लढाईत बापू गोखले धारातीर्थी पडले, आणि छत्रपती प्रतापसिंह इंग्रजांच्या छावणीत आले. मैदानातले युद्ध तिथेच संपल्यासारखे होते. उरले होते ते किल्ले.

हे किल्ले एकेक करून उचलायचे, हीच त्या युद्धाची अखेरची मोहीम. देशावरचे काम जनरल प्रिट्झलरकडे होते: सिंहगड, पुरंदर, वासोटा. कोकणची आणि घाटमाथ्याची बाजू लेफ्टनंट कर्नल प्रॉथरकडे. जानेवारीत त्याने कर्नाळा घेतला. मग अवचितगड, पालीचा सरसगड, भोरप म्हणजे आपला सुधागड. मार्चच्या आरंभी घाट चढून लोहगड. मार्चच्या मध्यावर कोरीगडावर तोफांचा मारा चालू असता दारूकोठार उडाले आणि तोही गड गेला. पुढे पुन्हा कोकणात तळे, घोसाळे, मानगड, आणि शेवटी रायगड.

नावे वाचताना मला आमच्या वर्गातल्या हजेरीची आठवण झाली. एकेक नाव पुकारायचे आणि पुढे खूण करायची.

त्याच गडाचे दोन वेढे

सांगायचा मुद्दा असा, की हे गड काही नव्याने दुबळे झाले नव्हते. तळागडाचीच गोष्ट घ्या. १६४८ च्या सुमारास हा गड शिवाजी महाराजांकडे आला. १६५९ साली अफझलखान विजापुराहून निघाला, ती संधी साधून जंजिऱ्याच्या सिद्दीने तळ्याला वेढा घातला. वरची शिबंदी थोडी, खाडीचा रस्ता शत्रूच्या हाती, आणि राजा स्वतः प्रतापगडाखाली जिवाच्या संकटात. तरी गडकरी दरवाजा लावून बसले. १० नोव्हेंबरला प्रतापगडाखाली खान पडला. ती बातमी राजपुरीच्या खाडीपर्यंत पोहोचताच सिद्दी वेढा उठवून चालता झाला. तळ्याचा गड प्रतापगडावर वाचला!

१८१८ मध्ये कडा तोच, टाकी तीच. पण या वेळी वरच्या माणसांनी कुठल्या बातमीची वाट पाहायची? प्रॉथर रायगडाकडे सरकत होता, त्याच एप्रिल महिन्यात बाजीरावाची उरलीसुरली फौज यवतमाळच्या बाजूला, पांढरकवड्याजवळ मार खात होती. कुठे तळे, कुठे पांढरकवडा! कुमक येण्याचा प्रश्नच नव्हता. कोकणात पेशव्यांची म्हणून एकही फिरती फौज राहिली नव्हती.

किल्ला म्हणजे काय, हे आपण दिवाळीच्या मातीकामामुळे थोडे चुकीचे शिकतो. किल्ल्याने युद्ध जिंकायचे नसते. किल्ल्याने वेळ काढायचा असतो. आपण तीन महिने शत्रूला अडकवून धरू, तेवढ्यात मागून आपली फौज येईल, हा त्यामागचा हिशेब असतो. ती फौजच नाहीशी झाली, की किल्ल्याचे धान्य, पाणी, दारूगोळा हे सारे फक्त मरण लांबवण्याचे साहित्य उरते.

हा नियम केवळ आपल्याच मुलखापुरता आहे असे नाही. पहिल्या महायुद्धात ८ ऑगस्ट १९१८ ला आमियाँजवळ दोस्तांची अखेरची चढाई सुरू झाली आणि ११ नोव्हेंबरला युद्ध थांबले. त्या पहिल्याच दिवशी हजारो जर्मन सैनिक शरण गेले. ते एका रात्रीत भेकड झाले नव्हते. चार वर्षे त्याच माणसांनी खंदक राखले होते. मागे आता काही शिल्लक नाही, हे त्यांना कळून चुकले होते.

जाहीरनामा आणि उखळी तोफ

इंग्रजांची हुशारी अशी, की त्यांनी तोफेबरोबर कागदही चालवला. सातारा पडताच फेब्रुवारीत एल्फिन्स्टनने जाहीरनामा काढला. त्याचा मथितार्थ असा: बाजीरावाचे राज्य संपले, साताऱ्याच्या महाराजांना छोटेसे राज्य मिळेल, लोकांची वतने, इनामे, देवस्थाने, धर्म यांना धक्का लागणार नाही, मात्र जे बाजीरावाची चाकरी सोडून दोन महिन्यांच्या आत घरी परतणार नाहीत, त्यांची वतने जप्त होतील.

या कागदाचा मारा कुठे बसतो पाहा. किल्ल्यावरचा माणूस पोटासाठी चाकरी करी. पण त्याचा जीव अडकलेला असे तो गावातल्या वतनाच्या तुकड्यात. तो तुकडा बापजाद्यांनी राखलेला आणि मुलांना द्यायचा. एका बाजूला पळत सुटलेला धनी, दुसऱ्या बाजूला घरची जमीन, आणि मुदत दोन महिन्यांची. ती मुदत एप्रिलच्या मध्यावर भरत होती.

शिवाय लढायचे ते कोणाच्या नावाने? ज्या छत्रपतींच्या नावाने शिक्का चालायचा, ते आता इंग्रजांच्या बाजूला होते. वासोट्याचा किल्लेदार भास्करपंत ताठ राहिला. त्याच्या कैदेत दोन इंग्रज अधिकारी होते, आणि राजघराण्यातली काही मंडळीही बाजीरावाने तिथेच ठेवली होती. अखेर तोफांपुढे वासोटाही एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात उतरला.

आणि भीती? तीही होतीच. फेब्रुवारीच्या अखेरीस खानदेशात थाळनेरला होळकरांचा किल्लेदार तुळशीराम मामा याला किल्ला पडल्यावर इंग्रजांनी फाशी दिले आणि शिबंदीची कत्तल केली. लढल्याबद्दल किल्लेदाराला फाशी, ही बातमी गडागडावर वाऱ्यासारखी पोहोचली असल्यास नवल नाही.

मग उखळी तोफा. आपले गड बांधले गेले ते चढून येणाऱ्या माणसाला अडवण्यासाठी. दोर, शिड्या, हत्ती यांना कडा पुरेसा होता. पण उखळी तोफेतून उडालेला कुलपी गोळा कडा चढत नाही. तो आभाळातून येतो, तटाच्या आत पडतो आणि फुटतो. गवती छपरे पेटतात, कोठार पेटते. शंभर वर्षे जुन्या शहाणपणाला त्यावर उत्तर नव्हते.

चढणारे कोण होते?

इथे आणखी एक गोष्ट सांगायला हवी. ती मी वर्गात टाळत आलो.

प्रॉथरच्या फौजेत गोरे होते तसे देशी पायदळही होते. मुंबई इलाख्याच्या पलटणींची भरती तेव्हा मोठ्या प्रमाणात कोकणातूनच होई. त्यांत मराठे होते, महार होते, इतरही जातींचे लोक होते. म्हणजे गडावर जे दरवाजा लावून बसले आणि खालून जे मोर्चे बांधत आले, ते पुष्कळदा एकाच मातीतले. त्यांना फितूर म्हणणे मला पूर्वी सोपे वाटे. आता वाटत नाही. उत्तर पेशवाईत महसुलाचे मक्ते जास्तीत जास्त बोली बोलणाऱ्याला दिले जात आणि मक्तेदार रयतेला पिळून घेई. ज्याची सावलीही गावाला चालत नव्हती, त्या महार शिपायाला या राज्याने असे काय दिले होते, की त्याने ते वाचवावे? पलटणीत निदान पगार ठरलेला होता आणि हातात बंदूक होती.

राज्याला अखेरच्या दिवशी माणसे का मिळत नाहीत, याचा जमाखर्च आधीच्या वीस वर्षांत लिहिला जातो. अखेरची मोहीम फक्त बेरीज करते.

तरीही सगळेच गड गुपचूप उतरले असे नव्हे. रायगडाखालचे पाचाड एप्रिलच्या अखेरीस इंग्रजांच्या हाती गेले. गडावर बाजीरावाची पत्नी वाराणसीबाई होती आणि अरबांची शिबंदी होती. समोरच्या पोटल्याच्या डोंगरावरून उखळी तोफांचा भडिमार सुरू झाला. वाडे पेटले. महाराजांची राजधानी आगीत जळाली. १० मे १८१८ रोजी रायगड उतरला. जळक्या राखेतून वाराणसीबाईंना सन्मानाने गड उतरू दिला गेला. पुढे ३ जूनला बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाला आणि सालीना आठ लाखांच्या तनख्यावर गंगाकाठी बिठूरला जाऊन राहिला. गंमत म्हणा की दैवदुर्विलास, मालेगावच्या भुईकोटातले अरब त्यानंतरही लढत होते. महिनाभर झुंजून जूनच्या मध्यावर ते शरण गेले. धनी शरण गेल्यावर दहा दिवसांनी चाकरांनी शस्त्र ठेवले!

मी कोणता कागद घेऊन गेलो होतो

हे सारे वाचून झाल्यावर यंदाच्या मे महिन्यात आम्ही तळ्याला गेलो. खरे सांगायचे तर मी केवळ गड पाहायला गेलो नव्हतो.

आमचे सासरे, त्यांना सगळे आप्पा म्हणतात, वयाने अठ्ठ्याहत्तर. शाळेतून निवृत्त झालेले. सासूबाई गेल्याला चार वर्षे झाली. थोरले मेहुणे पुण्यात, धाकटे परदेशात. आप्पा एकटे त्या कौलारू घरात राहतात. दर पावसाळ्यापूर्वी कौले चाळून घ्यायची, विहिरीला रहाट नीट करायचा, वाडीतले आंबे-फणस उतरवायला माणूस शोधायचा, ही त्यांची गडाची व्यवस्था. दोन्ही मेहुण्यांच्या मते आता घर विकून टाकावे. गिऱ्हाईकही आले होते. हिने मला सांगितले होते, “तुम्हीच बोला आप्पांशी. जावयाचं ऐकतील ते.” माझ्या पिशवीत मेहुण्यांनी पाठवलेला कराराचा मसुदा होता.

सकाळी लवकर मी आणि चिरंजीव गड चढलो. वाट अवघड नाही. ऊन मात्र कोकणातले. ढासळलेला दरवाजा, कोरीव मारुती, माथ्यावर कातळात खोदलेली ओळीने टाकी, आणि अरुंद लांबट माथ्याच्या कडेला उभे असलेले तटाचे तुकडे. एका बाजूला मांदाडची खाडी चमकत होती, दुसरीकडे घोसाळगडाचा सुळका. खाली कौलांच्या गर्दीत आप्पांचे घर शोधून चिरंजीव म्हणाले, “बाबा, आप्पा अंगणात उभे राहून इकडेच बघतायत.” इतक्या उंचीवरून मला काही दिसले नाही. पण उतरून आलो तेव्हा आप्पा खरोखरच अंगणात उभे होते.

दुपारी ओटीवर मी त्यांना प्रॉथरची मोहीम सांगितली. जाहीरनामा, मुदत, उखळी तोफा, सगळे. आप्पांनी पानाला चुना लावत शांतपणे ऐकले. मग म्हणाले, “जावईबापू, शेवटच्या रात्री वर जे असतील ना, ते खाली इंग्रजांच्या छावणीकडे बघत नसतील.”

“मग?”

“घाटाकडे बघत असतील. कोणी येतंय का म्हणून. एखादी मशाल दिसली असती, तरी ते राहिले असते.”

मी काही बोललो नाही. पिशवीतला कागद पिशवीतच राहिला. मला एकदम जाणवले, की वतन सुरक्षित राहील असे गोड शब्दांत सांगणारा, मुदत घालून देणारा असा एक जाहीरनामा माझ्याजवळही होता. मेहुण्यांचे काही चुकते असे मी म्हणत नाही. एकट्या म्हाताऱ्या माणसाने रात्री-अपरात्री दुखणे आले तर काय करायचे, हा प्रश्न खराच आहे. गड कधी ना कधी उतरावाच लागतो. परंतु आम्ही चौघांनी मिळून गेल्या चार वर्षांत त्या घरी किती रात्री काढल्या, हे बोटांवर मोजले, आणि एका हाताची बोटेही पुरी लागली नाहीत. कुमक पाठवायची नाही आणि मग किल्लेदाराने किल्ला सोडावा म्हणून वकील पाठवायचा, हा कुठला न्याय?

परतल्यावर मी हिला सगळे सांगितले. ही थोडा वेळ गप्प राहिली आणि मग पुण्याला फोन लावला. बरीच बोलणी झाली. काही कडूही झाली. घराचे पुढे काय करायचे ते अजून ठरलेले नाही. एवढे मात्र ठरले, की यंदाची दिवाळी सगळ्यांनी तळ्याला करायची. धाकटे मेहुणे येऊ शकत नाहीत. त्यांनी कौलांच्या खर्चाची जबाबदारी घेतली आहे. नरकचतुर्दशीला तुळशीपुढे कारीट फोडायला नातवंडे हजर राहणार, हे कळल्यापासून आप्पांनी पोहे कांडून आणण्याची खटपट सुरू केली आहे, असे शेजाऱ्यांकडून कळते.

चिरंजिवांनी यंदाच्या किल्ल्याचा नकाशा वहीत आधीच काढून ठेवला आहे. या वेळी रायगड नाही, तळागड. माथ्यावर टाकी, खाली खाडी, दरवाजावर मारुती. मी नकाशा तपासायला घेतला, तर गडापासून पार दूर, पानाच्या कोपऱ्यात, घाटाच्या वाटेवर ठिपक्यांची एक रांग काढलेली दिसली.

“हे कोण?” मी विचारले.

“कुमक,” ते म्हणाले. “पणत्या ठेवणार आहे तिथे. म्हणजे वरच्यांना रात्री दिसेल.”

मला इतिहासात दुरुस्ती करण्याचा अधिकार नाही, आणि त्यांनाही नाही, हे मी सांगणार होतो. पण सांगितले नाही. आम्ही धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी निघतो आहोत. पणत्या दोन डझन जास्त घेतल्या आहेत.